लांबलेला नववा मैल

“ज्या रस्त्याला स्मृती नाही तो रस्ता नव्हे! ती नुसती दोन गावांच्या मधली धूळ!”

प्राचार्य शामराव रणनवरे हे बोलले तेव्हा त्यांचा डावा हात नवव्या मैलाच्या दगडावर होता आणि उजवा आकाशाकडे. अशा वाक्यानंतर जी क्षणभर शांतता पाळायची असते ती त्यांनी पाळली. मग डावा हात उचलून त्यांनी आपल्या काळ्याभोर मिशीला ताव दिला, आणि मिशीची ती बाजू पांढरीफेक झाली.

“वला हाय, साहेब,” रस्त्याच्या कडेनं आवाज आला. “आत्ताच चुना दिलाय.”

“अरे, मग आधी सांगायचं नाही का?”

“तुमी बोलत व्हता. मदी कसं बोलायचं?”

चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन उभा असलेला हा माणूस म्हणजे दौलू चौगुले. खाकी सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला विटका पटका. नवव्या मैलाचा मैलकुली, म्हणजे तेवढ्या एका मैलाचा रस्ता राखणारा सरकारी मजूर.

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमधली गोष्ट. कोल्हापूरहून दक्षिणेला घाटाकडे जाणारा जुना रस्ता तेव्हा नुकताच जुना झाला होता. शेजारून नवा, रुंद, डांबरी रस्ता निघाला. किलोमीटरचे दगड तिकडे गेले, एस्टी तिकडे गेली, चहाची दुकानं तिकडे गेली. इकडे खडीचा रस्ता, वडाची झाडं, मैलांचे दगड आणि मैलकुली एवढेच राहिले. रस्त्यावर कुणी जाईनासं झाल्याबरोबर तो ऐतिहासिक आहे हे शहरातल्या मान्यवरांच्या लक्षात आलं आणि त्यावर दगडी स्मृतिफलक बसवायला एक समिती निघाली. अध्यक्ष प्राचार्य रणनवरे. कार्यवाह बांधकाम खात्याचे डेप्युटी इंजिनिअर कारखानीस. आणि फलकांवरचा मजकूर लिहायला मी.

मी तेव्हा तिशीत होतो आणि एका साप्ताहिकात ‘चिमटा’ नावाचं सदर लिहीत होतो. त्यात प्राचार्यांना दोनदा चिमटे काढून झाले होते. समितीत घेतलं की तिसरा निघणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा. बाहेर सांगायला कारण असं होतं, की फलकावर चाळीस शब्द मावतात, आणि प्राचार्यांना चाळीस शब्दांत नमस्कारसुद्धा आटोपत नसे.

त्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून फलकांच्या जागा ठरवत निघालो होतो. नवव्या दगडापाशी प्राचार्यांनी जीप थांबवली, कारण तिथं त्यांना शोध लागला होता. खरं म्हणजे तो आधीच्या फेरीत लागला होता आणि रविवारच्या पेपरात दीड पान छापूनही आला होता. आज तो आम्हाला जागेवर दाखवायचा होता.

“जीपचा मीटर पाहा, नाडगोंडे,” अर्धी मिशी रुमालानं पुसत प्राचार्य म्हणाले. “आठ दगड अगदी एकेक मैलावर. नववाच काय तो पुढं. एका मैलाऐवजी मैल आणि वर दीड फर्लांग! का?”

“का?” मी विचारलं. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“कारण याच चढणीवर सरदार सुभानराव रणनवरे यांचा तंबू होता. इंग्रजांचा मोजणीदार दगड पुरायला आला तेव्हा लोकांनी त्याला अडवलं. म्हणाले, ही जागा पवित्र आहे. मोजणीदारानं टोपी काढली, वंदन केलं आणि दगड वर नेऊन पुरला.”

सरदार सुभानराव हे प्राचार्यांचे खापरपणजोबा. हा योगायोग त्यांनीच आमच्या नजरेस आणून दिला.

“टोपी काढल्याची नोंद कुठं आहे?” कारखानिसांनी विचारलं. कारखानीस हे नोंद या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. ‘नमस्कार’ म्हटलं तरी ‘कधीपासून?’ विचारतील असे.

“नोंद लोकांच्या हृदयात असते, कारखानीस!”

“आमच्या दप्तरात नकाशा असतो. दुर्दैवानं त्याची घडी नेमकी नवव्या दगडावर पडून कागद फाटलाय. पण इंग्रजानं दगड हलवला असता तर त्यानं तीन कागद लिहिले असते. कागद नाही. म्हणजे दगड खरोखर सरकला असेल तर तो अलीकडं, विनापरवाना सरकलाय.” त्यांनी चष्मा दौलूकडे वळवला. “चौगुले, हा मैल किती वर्षं तुमच्याकडं आहे?”

“बत्तीस, साहेब.”

“रिटायर कधी?”

“येत्या एकतीस मेला.”

“सरकारी दगड हलवणं गुन्हा आहे. चौकशी लागली तर ती संपेपर्यंत पेन्शन थांबतं. आणि चौकशा लवकर संपत नाहीत. माहीत आहे ना?”

“व्हय, साहेब.”

दौलूचा कुंचला थांबला नाही. फक्त तो दगडावर एकाच जागी फिरत राहिला. तिथं चुन्याचे चार थर चढले.

“तर मग मोजाच!” प्राचार्य आनंदानं म्हणाले. “नाडगोंडे मोजतील. शास्त्रशुद्ध! शनिवारच्या बैठकीत अहवाल!”

“मोजाच,” कारखानीसही म्हणाले.

एकाला सरदार हवा होता, दुसऱ्याला गुन्हेगार. दोघांचं माझ्या मोजणीवर एकमत झालं, आणि आम्ही डबा खायला पुढच्या सावलीत गेलो.

*

गुरुवारी सकाळी मी सायकल घेऊन आलो. पुढच्या चाकाला पांढरी चिंधी बांधली होती. चिंधी खाली आली की एक फेरा. मी सायकल हातात धरून चालत होतो. एका मैलाला सातशे वीस फेरे बसायला हवेत. सातवा मैल सातशे वीस भरला, आठवा सातशे एकवीस, तो एक म्हशीला वळसा घातल्याचा.

आठव्या दगडापाशी दौलू उभाच होता. खांद्यावर फावडं.

“काय मोजताय, साहेब?”

“रस्ता, दौलूमामा.”

“हाय की तेवढाच.”

“केवढा?”

“जेवढा हाय तेवढा.”

तो माझ्याबरोबर चालू लागला. मधेमधे त्यानं मला उसाचा भाव विचारला, लग्न झालं का विचारलं, न झाल्याचं कारण विचारलं. माझे फेरे चुकावेत म्हणून एवढी मेहनत माझ्यावर आजवर कुणी घेतली नव्हती. मी बोटं मोजत, पुटपुटत, वर चढणीपर्यंत आलो, चढण चढलो आणि नवव्या दगडाला चाक टेकवलं.

“आठशे पंचावन्न.”

दौलूनं दगडाकडे असं पाहिलं, जणू तोही त्याला आजच पाहतोय.

“ऊन लागलं की डांबर पसरतंय, साहेब. थंडीत मोजा, बराबर भरंल.”

“हा खडीचा रस्ता आहे, मामा.”

“मग खडी पसरत आसंल.”

मी सायकल पुढं ढकलली. तो आडवा आला.

“फुडं कशाला? फुडला मैल केरबा खाडेचा. त्यो मोजायला कुठं सांगितलाय तुमाला?”

“सांगितला नाही. सहज.”

“फुडं कुत्री हायती.”

पुढं दोन शेळ्या होत्या. दौलू दगडापाशीच थांबला. आपल्या हद्दीपलीकडं पाऊल टाकायचं नाही ही मैलकुल्यांची रीत. हा दगड ते तो दगड एवढाच त्याचा संसार. त्यातला खड्डा, चर, झाड, पडलेली फांदी त्याची. दगडाच्या पलीकडे बैल पडला तरी तो दुसऱ्याचा. लांबवर एक वाळका म्हातारा पाला गोळा करत होता. चार काटक्या उचलायचा आणि बांधावर बसायचा. तोच केरबा. मी जवळून गेलो तेव्हा त्याचा श्वास मला फुंकणीसारखा ऐकू आला. त्यानं रामराम केला आणि पुन्हा बसला.

दहावा मैल भरला पाचशे पंच्याऐंशी.

मी दगडावर बसून बेरीज केली. आठशे पंचावन्न आणि पाचशे पंच्याऐंशी. चौदाशे चाळीस. दोन मैलांचे बरोबर दोन मैल. म्हणजे रस्ता कुठंही वाढला नव्हता. तीनशे तीस यार्ड, म्हणजे तेच दीड फर्लांग, दहाव्या मैलातून उचलून नवव्यात घातले होते. प्राचार्यांना हे कळलं नव्हतं, कारण डबा नवव्या मैलापुढच्या पहिल्याच सावलीत होता आणि तिथून जीप मागं वळली होती.

परत येताना मी सायकलवर बसलो नाही. झाडं बघत आलो. केरबाच्या झाडांना बुंध्याशी चुन्याचा पट्टा होता, तोही वाकडा. दौलूच्या झाडांना चुन्याच्या वर गेरूची दोन बोटं रुंद कड होती, सुतानं आखल्यासारखी. ती कड चढणीवरच्या प्रत्येक झाडाला होती. चढण जिथं सुरू होते तिथं रस्त्याच्या डाव्या हाताला घाणेरीचं झुडूप माजलं होतं. मी ते काठीनं बाजूला केलं. खाली चौकोनी खड्डा. हात-दीड हात खोल, कडेला जुन्या चुन्याचे पोपडे.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. थोड्या वेळानं दौलूही येऊन बसला. चंची काढून तंबाखू मळायला लागला.

“इथं काय होतं, मामा?”

“खड्डा.”

“खड्ड्याच्या आधी?”

तंबाखू पुष्कळ वेळ मळली गेली.

“लिवणार हाय का?”

“शनिवारी समितीत सांगायचंय.”

“त्ये न्हाई. तुमच्या त्या पेपरात. चिमट्यात.”

खोटं कशाला बोलू? निम्मा लेख मी चालता चालताच जुळवला होता. एका बाजूला सरदाराचा तंबू, टोपी काढणारा इंग्रज, दीड पान. दुसऱ्या बाजूला हा म्हातारा आणि त्याची पहार. विनोदी लिहिणाऱ्याच्या हातात असा विषय दहा वर्षांत एकदा येतो. हसू कुठं आणायचं तेही ठरलं होतं. दगड का हलला तेवढंच ठाऊक नव्हतं.

“अजून ठरवलं नाही,” मी म्हणालो.

दौलूनं तंबाखू तोंडात टाकली.

“केरबाला दमा हाय.”

मी थांबलो. त्यानं चंची गुंडाळून कनवटीला लावली.

“तुमची दोस्ती दिसतेय.”

“दोस्ती?” तो उसळला. “त्येच्या दारातनं मी पानी पीत न्हाई! एकुणपन्नास सालापास्नं बोलत न्हाई त्येच्यासंगं.”

“का?”

“माळवाडीच्या जत्रंत कुस्ती हुती. आमच्या आळीचा पैलवान. हा केरबा समद्या मैदानात वरडला, पाठ लागली म्हनून. लागली न्हवती. मी म्होरंच बसलोतो. खांदा टेकला, पाठ न्हाई.”

“आणि पैलवान काय म्हणतो?”

“त्यो आता शिंगणापूर नाक्यावर भाजी इकतोय. त्येला काय आठवत न्हाई. मी इचारून आलो की.”

“बरं. मग दगड?”

दौलूनं चढणीकडं पाहिलं.

“छप्पनचा पावसाळा. समदा चिखल हीच चढन उतरतोय. चर रोज भरायचं. खडीची बुट्टी डोक्यावर घिऊन वर जायचं, रिकामी खाली, परत वर. मी हितं, माझ्या दगडापाशी. आन् ह्यो वर. चार पावलं चढायचा, बसायचा, खोकायचा. तोंड निळंकाळं. मी बोलत न्हवतो त्येच्याशी. पर त्येचा दम मला ऐकू येत हुता की.”

“जाऊन मदत करायची.”

“बोलत न्हाई तर मदत कशी करनार? आन् केली आस्ती तर त्यानं घेतली आस्ती व्हय? बुट्टी टाकून दिली आस्ती त्यानं.”

“साहेबांना सांगायचं. मैल बदलून मिळाला असता.”

“काय सांगू? केरबाला दमा हाय? दुसऱ्या दिशी घरी बशिवला आस्ता त्येला. चार पोरं.” त्यानं बाजूला पिंक टाकली. “मंग काय करायचं? त्येला उचलून न्हेता येत न्हवता. दगड न्हेला.”

“रात्री?”

“रात्रीचं कशाला? चोरी हाय काय? बाजारच्या दिशी, भर दुपारी. खाली गोल लाकडं, मागं पहार. दोन दीस लागलं.”

“कुणी विचारलं नाही?”

“समद्यांनी इचारलं. साहेबाचा हुकूम म्हटलं. माळवाडीचा फौजदार सायकलवरनं उतरला आन् हात लावून गेला.”

मी हसलो. तो हसला नाही.

“आणि केरबा?”

“सकाळी आला. हितं खड्डा बघितला. वर दगड बघितला. आन् गेला वर. त्या दिसापास्नं वरनंच काम धरलं.”

“काहीच विचारलं नाही?”

“आवो, बोलत न्हाई म्हटलं की तुमाला!”

मग तो खड्ड्यातला चुन्याचा एक पोपडा उचलून बोटांनी चुरत राहिला.

“मी दगड वर न्हेऊन नुसता हुबा केल्ता. हाताची सालटी निगाल्ती, बुडाला भर घालायची ऱ्हायली. म्हटलं, उद्या-परवा बघू. तिसऱ्या दिशी बघतोय तर दगडाच्या बुडाला चिपा ठोकलेल्या, चुना कालवून वतलेला. लोखंडावानी पक्का.”

“तुम्ही केलंत?”

“मी न्हाई.”

वरच्या अंगाला, दगडापलीकडे, कुणीतरी खोकत होतं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी मी प्राचार्यांच्या घरी गेलो. मिशी पुन्हा दोन्ही बाजूंना सारखी काळी झाली होती. भिंतीवर दीड पानाचं कात्रण चौकटीत लावलं होतं आणि टेबलावर फलकाच्या मजकुराचा खर्डा होता. ‘चाळीस शब्दांत बसवलंय’ म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी मोजले. दोनशे चौदा भरले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी मला तीनदा थांबवलं. एकदा सायकलीच्या चाकावर शंका घेतली, एकदा मैलकुलीच्या स्मरणशक्तीवर, एकदा माझ्या हेतूवर. तिसरी शंका रास्त होती. कुस्तीपर्यंत आलो तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले. केरबाच्या दम्यापाशी त्यांनी चष्मा काढला.

“चुना कालवून?” शेवटी त्यांनी विचारलं.

“हो. तिसऱ्या दिवशी.”

“आणि अजूनही बोलत नाहीत?”

“नाही.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. प्राचार्यांनी त्या संपेपर्यंत ऐकल्या, किंवा ऐकल्यासारखं केलं.

“म्हणजे सुभानराव तिथं थांबलेच नाहीत.”

“थांबलेही असतील, सर. दगडाला त्याची माहिती नाही.”

“मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला ती चढण दाखवली होती.” ते माझ्याशी बोलत होते असं नाही. “म्हणाले, ‘इथं आपला तंबू होता.’ बैलगाडीतून उतरवून दाखवली. आमचं वतन गेलं, घोडी गेली, तलवार चुलत्यानं मुंबईला नेली. तंबू तेवढा माझ्याकडं राहिला होता.”

मी कात्रणाकडं बघत राहिलो.

“तुमच्या अहवालात खरं लिहिलंत तर?” त्यांनी विचारलं.

“कारखानीस चौकशी लावतील. दौलूचं पेन्शन अडकेल. केरबा या महिनाअखेर नोकरीतून सुटतोय, त्यालाही गोवतील.”

“मोजणी माझ्या थिअरीप्रमाणे लिहिलीत तर?”

“तरी लावतील. इंग्रजाची टोपी त्यांना मान्य नाही. मैल लांब निघाला, की दगड हलला. दगड हलला, की दौलू.”

“म्हणजे मैल लांब निघताच कामा नये.”

“पण तो लांब आहे, हे साऱ्या कोल्हापूरला तुम्हीच सांगितलंय, सर. दीड पान.”

प्राचार्यांनी चष्मा पुसला, चढवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

“तुमचा लेख चांगला झाला असता, नाडगोंडे,” ते म्हणाले.

तो खरंच चांगला झाला असता.

*

शनिवारची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरली. कारखानिसांनी कोरी फाइल आणली होती, वर विषयही लिहून ठेवला होता. पेनचं टोपण काढून ते बसले होते. माझ्या खिशात सायकलीच्या फेऱ्यांचा कागद होता, आणि तो काढायचा की नाही याचा मला पत्ता नव्हता.

प्राचार्य उभे राहिले. भाषणाला राहतात तसेच, एक हात टेबलावर. सवयीनं मी टेबलाकडं पाहिलं, कोरडं होतं.

“मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला,” ते म्हणाले. “त्यात माझी एकही चूक झाली नाही. आता एक झाली आहे. जीपचा मीटर वाचताना मी चष्मा लावला नव्हता.”

कारखानिसांचं पेन हवेतच राहिलं.

“म्हणजे? नववा मैल…”

“मैलाएवढाच आहे.”

“पण तुम्ही पेपरात दीड पान…”

“ते दीड पान मी मागं घेतो.”

“सर, तुम्ही एवढं जाहीर सांगितलंत! सरदार, तंबू, मोजणीदाराची टोपी…”

“सगळं मागं घेतो. टोपीसकट.”

“मग दगड जागेवर आहे म्हणायचं?”

प्राचार्यांनी चष्मा नाकावर सरळ केला.

“दगड जिथं असायला हवा तिथं आहे.”

कारखानीस माझ्याकडं वळले. “नाडगोंडे, तुमची मोजणी काय म्हणते?”

“प्राचार्यांचा शब्द प्रमाण,” मी म्हणालो. त्यांच्याबद्दल हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच न हसता बोललो.

कारखानिसांनी पेनला टोपण लावलं. कोऱ्या फाइलवरचा विषय खोडून त्यांनी तिथं ‘चहापान’ असं लिहिलं, कारण फाइलची नोंद आधीच झाली होती.

पुढच्या रविवारी पेपरात चार ओळींचा खुलासा आला. त्यानंतर दोन महिने प्राचार्यांना शहरात फिरणं मुश्कील झालं. मंडईत, थिएटरात, न्हाव्याच्या दुकानात कुणी ना कुणी हटकायचंच: “काय सर, आज चष्मा लावलाय न्हवं?” एका शाळेनं तर त्यांचं व्याख्यान रद्द करून डोळ्यांच्या डॉक्टरचं ठेवलं. मी एक लेख लिहिला असता तर हे सगळं एका आठवड्यात थांबलं असतं. मी त्या आठवड्यात नगरपालिकेच्या नळांवर लिहिलं. फार वाईट उतरला तो लेख. प्राचार्यांनी मात्र पोस्टकार्ड पाठवून त्याचं कौतुक केलं. दोन बाजू भरून.

*

एकतीस मेला दौलू सुटला आणि त्याचं पेन्शन विनाचौकशी सुरू झालं. जूनमध्ये कारखानिसांची बदली झाली. नव्या साहेबांना जुन्या रस्त्यात काडीचा रस नव्हता, त्यामुळं ते समितीचे फार चांगले कार्यवाह ठरले. दिवाळीनंतर फलक बसले. नवव्या मैलाचा मजकूर मी लिहिला:

‘मोजणीप्रमाणे इथून खालची तीनशे तीस यार्डांची चढण दहाव्या मैलात मोडते. अठरा वर्षे ती नवव्या मैलात होती. मैलाचा दगड मैलकुली दौलू चौगुले यांनी हलवला. पलीकडचे मैलकुली केरबा खाडे यांना दमा होता. दगड पक्का कुणी बसवला, याची नोंद नाही.’

सदतीस शब्द झाले. उरलेले तीन मी प्राचार्यांना देऊ केले. सुभानरावांचं नाव त्यात आरामात बसलं असतं. ते म्हणाले, “नकोत.”

फलक उघडायला माळवाडीची बरीच माणसं आली होती. फौजदारही आला होता, आता बिनगणवेशाचा. आपला हात लागलाय हे तो ज्याला त्याला सांगत होता. प्राचार्य अडीच मिनिटं बोलले. लोकांना वाटलं त्यांना बरं नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं दौलूला हार घातला आणि त्याला दगडाशेजारी उभं केलं. दौलूनं पटका नवा बांधला होता, धोतर परीटघडीचं होतं, आणि छाती इतकी पुढं काढली होती की हार पोटाला टेकत नव्हता. शहरातून आलेला फोटोग्राफर काळ्या कापडाशी झटापट करत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझीही परिस्थिती फार वेगळी नव्हती.

तेवढ्यात दहाव्या मैलाकडून काठी टेकत केरबा आला. थांबत, बसत, पण आला. दगडाच्या अलीकडं न येता तो माझ्या बाजूला, पलीकडच्या अंगाला उभा राहिला. फलकाकडं बोट करून म्हणाला, “काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“दमा हुता न्हवं. हाय,” तो म्हणाला.

“दुरुस्त करता यायचं नाही आता.”

“ऱ्हाऊ दे.”

तो दम घेत दौलूकडं पाहत राहिला. दौलूनं एकदा इकडं नजर टाकली आणि पुन्हा कॅमेऱ्याकडं मान वळवली. पाच-सात हातांचं अंतर असेल. फोटोग्राफरनं हात वर केला. सगळे स्तब्ध झाले. केरबाचा हात माझ्या दंडावर आला. त्याचे ओठ हलत होते. पंचवीस वर्षांनी आता काहीतरी बोललं जाणार, असं मला वाटलं, आणि मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

“साहेब,” तो कुजबुजला, “येवढं त्या दौल्याला जाऊन सांगा. त्येचा काष्टा सुटलाय मागनं. मीच सांगितलं आस्तं, पर आमी बोलत न्हाई.”